सदाफुलीचा पाला आणि सदाफुलीचे औषध

माघ सरत आला की आमच्या समुद्रपूर तालुक्यात हळद शिजवण्याच्या कढया पेटतात आणि शिजणाऱ्या कंदांचा मातकट, उग्र वास वायगावच्या शिवारातून थेट रस्त्यापर्यंत येतो. वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि तिच्यात कर्क्युमिन हे पिवळे द्रव्य इतर अनेक वाणांपेक्षा जास्त असते, हे आता आमच्याकडे शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. मी या भागात एकोणीस वर्षांपासून औषधांचे दुकान चालवतो. घरात कोणाला कर्करोग निघाला की माणसे नागपूरला किंवा सेवाग्रामला जाऊन येतात आणि परतताना माझ्या दुकानाशी थांबून मोबाइल पुढे करतात. संदेश बहुधा तोच असतो: हळदीने, लक्ष्मणफळाच्या पाल्याने किंवा गुळवेलीने कर्करोग मुळासकट जातो आणि डॉक्टर मंडळी ही गोष्ट दडवून ठेवतात. मग प्रश्न येतो, "भाऊ, हे खरं हाये का?"

बरीच वर्षे मी "खोटे आहे, नादी लागू नका" एवढेच सांगत असे. ते उत्तर अपुरे होते, आणि अपुऱ्या उत्तराने कोणी थांबत नाही हे मी माझ्याच नात्यात पाहिले. कर्करोगावरील औषधांपैकी सुमारे निम्मी औषधे थेट निसर्गातून आली किंवा निसर्गातल्या एखाद्या रेणूवरून घडवली गेली, असे या विषयाच्या अभ्यासकांनी मोजून दाखवले आहे. तेव्हा झाडपाल्यात कर्करोगाशी लढणारे काही तरी असते, हा गावाचा समज मुळात चुकीचा नाही. तो समज पुढे कुठे घसरतो, ते आज सविस्तर लिहितो.

हळदीपासूनच सुरुवात करतो, कारण ती आमची आहे. काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर कर्क्युमिन टाकले की त्या पेशी मरतात, हे विधान खरे आहे आणि अशा प्रयोगांवर हजारो शोधनिबंध निघाले आहेत. बशीतल्या पेशींवर मात्र कर्क्युमिन सरळ ओतता येते. माणसाने ते गिळले की आतडे आणि यकृत त्याचे रूप बदलून त्याला बाहेर घालवतात, आणि गाठीपर्यंत पोहोचण्याइतके ते रक्तात उरतच नाही. रुग्णांवरच्या चाचण्यांत दिवसाला 8 ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन देऊन पाहिले गेले, तरी रक्तात त्याचा जेमतेम मागमूस सापडला. साधारण हळदीत कर्क्युमिन शेकडा 3 च्या आसपास धरले, तर 8 ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून अधिक हळद खावी लागेल. आमच्या वायगावच्या हळदीत ते दुप्पट धरले तरी रोज सव्वाशे ग्रॅमच्या वरच. वरणाच्या फोडणीत आपण चिमूटभर घालतो. 2017 मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने कर्क्युमिनवरचे संशोधन एकत्र तपासले, तेव्हा आणखी एक अडचण त्यांनी पुढे मांडली: हा रेणू अस्थिर आहे, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतो आणि स्वतःच्या रंगाने व चमकेने चाचणीच्या यंत्रालाही चकवतो, त्यामुळे प्रयोगशाळेत तो प्रत्यक्षापेक्षा जास्त कामाचा वाटतो.

इथे अनेक जण मला हळदीच्या पेटंटची आठवण करून देतात. अमेरिकेत 1995 मध्ये जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले होते, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. याचा मलाही अभिमान आहे. पण ते पेटंट रद्द झाले याचे कारण जखमेवर हळद दाबण्याचे ज्ञान आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते आणि त्यात नवे काहीच नव्हते. त्या लढाईत कर्करोगाचा विषयही नव्हता. जखमेची हळद आणि गाठीची हळद यांची सांगड लोक मनातल्या मनात घालतात, आणि ती सोडवताना मला फार सांभाळून बोलावे लागते, कारण समोरच्याला वाटते की मी त्याच्या आजीलाच खोटे ठरवतो आहे.

आता सदाफुली. आमच्याकडे एकही अंगण असे नसेल जिथे ही गुलाबी किंवा पांढरी फुले नाहीत. तुळशीजवळ, न्हाणीच्या पाण्यावर, कोणी न लावताही ती उगवते. ती मूळची मादागास्कर बेटाची. जगात अनेक ठिकाणी, आणि आपल्याकडेही, साखरेच्या आजारावर तिच्या पानांचा काढा घेण्याची रीत होती. 1952 च्या सुमारास जमैका बेटावरून या पानांचे एक पाकीट कॅनडातल्या क्लार्क नोबल या डॉक्टरांकडे आले आणि त्यांनी ते संशोधक भाऊ रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिले. रॉबर्ट नोबल आणि त्यांचे सहकारी रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बीअर यांनी उंदरांवर प्रयोग केले. काढा पाजून साखर उतरली नाही. पानांचा अर्क सुईने टोचला तेव्हा मात्र उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या होत्या. साखरेचे औषध शोधणारा दुसरा एखादा माणूस इथे हात झटकून उठला असता. या दोघांनी उलटा विचार केला: जे द्रव्य पांढऱ्या पेशी इतक्या वेगाने मारते, ते पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात उपयोगी पडेल का? 1958 मध्ये त्यांनी विनब्लास्टीन या त्या द्रव्याची माहिती जगापुढे ठेवली. त्याच झाडातून अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी विन्क्रिस्टीन वेगळे केले आणि 1963 मध्ये त्याला तिथे मान्यता मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात इतर औषधांच्या जोडीने ते आजही दिले जाते.

ते काम कसे करते, हे वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला समजावणे सोपे आहे, कारण चरख्याची चाती म्हणजे काय हे आमच्या म्हाताऱ्या माणसांना सांगावे लागत नाही. पेशी एकाची दोन होताना आत बारीक सूत कातले जाते. त्या सुताला धरून गुणसूत्रे दोन टोकांना ओढली जातात आणि मग पेशी मधून फाटते. सदाफुलीची औषधे ते सूत कातूच देत नाहीत. पेशी दुभंगण्याच्या ऐन क्षणी अडकते आणि मरते. भराभर दुभंगणाऱ्या पेशींना याचा फटका सर्वांत जास्त बसतो, आणि त्यात कर्करोगाच्या पेशींबरोबर केसांच्या मुळांच्या पेशीही येतात. मज्जातंतूंनाही असेच सूत लागते, म्हणून विन्क्रिस्टीन घेणाऱ्याच्या हातापायांना मुंग्या येतात.

"मग आम्ही अंगणातली पानंच खाल्ली तर?" हा पुढचा प्रश्न मला दर वर्षी चार-दोन जण तरी विचारतात. माझे उत्तर असे असते. सदाफुलीच्या पानात विन्क्रिस्टीन इतके कमी असते की ग्रॅमभर औषधासाठी शेकडो किलो वाळलेला पाला लागतो, आणि त्या पाल्यात त्याच्यासोबत शंभरावर इतर अल्कलॉइडे (वनस्पतीतली प्रभावी द्रव्ये) असतात, ज्यांतली काही रक्तदाबावर आणि हृदयावर परिणाम करतात. उलट शुद्ध औषध इतके जहाल असते की एका वेळची मात्रा बहुतेक वेळा 2 मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. ते फक्त शिरेतून द्यायचे असते. चुकून पाठीच्या कण्यातून दिले गेले तर रुग्ण बहुधा दगावतो, म्हणून त्याच्या वेष्टनावर तशी ठळक सूचना छापलेली असते. मूठभर पाला चघळणाऱ्याला औषधाची मात्रा मिळत नाही, बाकीची विषे मात्र मिळतात.

याच सुताचा दुसरा किस्सा एका मराठी मुलखातल्या माणसाचा आहे आणि तो आपल्याकडे पुरेसा सांगितला जात नाही, याचे मला वाईट वाटते. डॉ. मनसुख वाणी यांचा जन्म 1925 मध्ये नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत गेले आणि तिथे मन्‍रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी पॅसिफिक यू नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या सालीतून टॅक्सॉल वेगळे करून 1971 मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. ही साल 1962 मध्ये अमेरिकी सरकारच्या वनस्पती-तपासणी मोहिमेत गोळा झाली होती. 1960 ते 1982 या काळात त्या मोहिमेत सुमारे 35 हजार जातींच्या वनस्पतींचे अर्क तपासले गेले, आणि एवढ्या डोंगरातून रुग्णापर्यंत पोहोचलेली औषधे बोटांवर मोजण्याइतकी निघाली. टॅक्सॉल सूत कातू देते, पण एकदा कातलेले सूत उलगडू देत नाही. ही उलटी रीत सुझन हॉर्विट्झ यांनी 1979 मध्ये दाखवून दिली. स्त्रियांच्या बीजकोशाच्या कर्करोगासाठी त्याला 1992 मध्ये मान्यता मिळाली. साल काढली की झाड मरते, आणि एका रुग्णासाठी अनेक जुनी झाडे लागत होती. पुढे युरोपातल्या यू झाडाच्या पानांतून जवळचा रेणू काढून त्यावर प्रयोगशाळेत उरलेले काम पुरे करण्याची पद्धत सापडली, म्हणून जंगल वाचले आणि औषधही मुबलक झाले. पाने तोडली तर ती पुन्हा फुटतात; शेतकऱ्याला यातला फरक वेगळा सांगायला नको.

विदर्भाच्या माणसाने तर सरकीकडे पाहावे. सरकी फोडली की आतल्या गरात काळसर ठिपके दिसतात. त्या ग्रंथींत गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य असते, आणि कपाशीचे झाड ते किडींपासून स्वतःच्या बचावासाठी बनवते. मोठ्या गुराच्या पोटात त्याचा जोर बराच कमी होतो म्हणून बैलाला आणि गाईला सरकीची ढेप चालते. कोंबडीला आणि लहान वासराला ती बाधते, हे आमचे गुराखी गॉसिपॉलचे नाव न ऐकताही जाणतात. खाण्याच्या सरकी तेलातून शुद्धीकरण करताना ते काढून टाकले जाते. चीनच्या काही गावांत घाण्याचे कच्चे सरकी तेल खाणाऱ्या जोडप्यांना मुले होईनात, तेव्हा त्या द्रव्याकडे लक्ष गेले आणि 1970 च्या दशकात तिथे हजारो पुरुषांवर संततिनियमनाची गोळी म्हणून ते वापरून पाहिले गेले. काहींच्या रक्तातले पोटॅशियम घसरले, काहींची प्रजननशक्ती गोळी बंद करूनही परतली नाही, आणि तो प्रयत्न सोडावा लागला.

कर्करोगाच्या शास्त्रज्ञांना गॉसिपॉलमध्ये वेगळेच काही दिसले. प्रत्येक पेशीला आपली वेळ भरली की मरण्याची सूचना मिळते. बीसीएल-2 नावाचे प्रथिन ती सूचना अडवून धरते, आणि काही कर्करोगांत ते इतके वाढते की पेशी मरायलाच तयार होत नाही. गॉसिपॉल या प्रथिनाला जाऊन चिकटते. त्याच्या एका शुद्ध रूपाच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या, पण ते औषध म्हणून उभे राहिले नाही, कारण ते एका ठिकाणी न थांबता शरीरात अनेक ठिकाणी गोंधळ घालते. त्याच प्रथिनावर नेमके बसणारे व्हेनेटोक्लॅक्स नंतर प्रयोगशाळेत, निराळ्या वाटेने, तुकडा तुकडा जोडून घडवले गेले आणि 2016 मध्ये रक्ताच्या एका चिवट कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. ढेपेचे पोते उचलताना मला ही गोष्ट आठवते. निसर्गाने दार कुठे आहे ते दाखवले, पण त्या दाराची किल्ली माणसाला बसून घासावी लागली.

अशा नेमक्या औषधांना लक्ष्यवेधी औषधे म्हणतात, आणि त्यांच्याशी माझी ओळख पुस्तकातून झाली नाही. माझा चुलत भाऊ, पाच एकर कोरडवाहू कपाशी-तुरीचा शेतकरी, 2012 मध्ये डाव्या कुशीत जड वाटते म्हणून तपासायला गेला. पाणथरी सुजली होती आणि पांढऱ्या पेशी लाखाच्या वर गेल्या होत्या. नागपूरला तपासणी झाली तेव्हा क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार, असे निदान निघाले. या रोगात 9 व्या आणि 22 व्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले जातात. 1960 मध्ये फिलाडेल्फियात ते आखूड झालेले गुणसूत्र पहिल्यांदा दिसले आणि 1973 मध्ये जॅनेट राउली यांनी ही अदलाबदल ओळखली. त्या जोडणीतून बीसीआर-एबीएल नावाचे एक प्रथिन तयार होते, जे पेशीला अखंड "वाढ, वाढ" असे सांगत राहते. इमॅटिनिब हे औषध त्या प्रथिनाच्या खाचेत बसून त्याचे तोंड बंद करते. 2001 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या या गोळीने एका जीवघेण्या रोगाचे रूपांतर रक्तदाबासारख्या, सांभाळून जगण्याच्या आजारात केले. पहिल्या मोठ्या चाचणीत ही गोळी सुरू केलेल्या रुग्णांपैकी शेकडा 80 हून अधिक जण 10 वर्षांनंतर जिवंत होते.

त्या वेळी मूळ कंपनीची महिन्याची गोळी सुमारे 1 लाख 20 हजार रुपयांना पडत होती आणि भारतीय कंपन्यांची 8 ते 10 हजारांना. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जुन्याच औषधाच्या किरकोळ बदललेल्या रूपाला पेटंट नाकारणाऱ्या, पेटंट कायद्याच्या कलम 3(ड) चा आधार घेऊन मूळ कंपनीची पेटंटची मागणी फेटाळली. निकालाची बातमी मी दुकानात उभ्या उभ्या वाचली आणि कातरण कापून काकाजींना नेऊन दिली. त्यांना कलम कळले नाही. शेत विकावे लागणार नाही, एवढे कळले.

आता मला जे लिहायला जड जाते ते लिहितो. 2016 च्या हिवाळ्यात माझ्याकडे कर्क्युमिनच्या कॅप्सूल विकायला आल्या. डबीवर "मिऱ्याच्या अर्कासह" असे लिहिलेले होते. भावाला थकवा वाटत होता; ताकद येईल म्हणून मीच त्याला तीन डब्या दिल्या. "हळद तं आपल्या घरचीच हाये, तिच्यानं काय नुकसान होते?" असे तो म्हणाला आणि मी मान हलवली. पुढच्या तपासणीत यकृताचे आकडे चढलेले निघाले. डॉक्टरांनी आणखी काय खाता असे विचारल्यावर भाऊ गप्प राहिला, कारण माझे नाव सांगायला त्याला संकोच वाटला. शेवटी मीच फोन केला. इमॅटिनिबनेही यकृताचे आकडे वाढू शकतात, त्यामुळे दोष कॅप्सूलचाच होता असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण कॅप्सूल थांबवल्यावर पाच-सहा आठवड्यांत आकडे खाली आले आणि गोळी तीच, तेवढीच चालू राहिली.

मी औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेतलेला माणूस आहे आणि मला हे आधी कळायला हवे होते. मिऱ्यातले पिपरीन शरीरात कर्क्युमिनचे शोषण वाढवते म्हणूनच ते कॅप्सूलमध्ये घालतात. बंगळुरूमधील एका अभ्यासात ही वाढ सुमारे 20 पट नोंदवली गेली. हे घडते ते औषध मोडणारी यकृतातली विकरे (एन्झाइम) मंद करून, आणि अशाच विकरांवर इमॅटिनिबसह अनेक लक्ष्यवेधी गोळ्या अवलंबून असतात. विकर मंदावले तर गोळी रक्तात साचू शकते. याउलट काही वनस्पती विकराला वेग देतात आणि गोळीचा अंमल उतरवतात, तेव्हा रोग डोके वर काढतो. ग्रेपफ्रूट या परदेशी फळाबद्दल गोळीच्या माहितीपत्रकात जी सूचना असते, ती याच कारणासाठी. संत्र्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या आमच्या रुग्णांना वाचून धक्का बसतो. नागपुरी संत्र्यात ती अडचण सहसा येत नाही, पपनसाबाबत मात्र डॉक्टरांना विचारावे. अमेरिकेत हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद झाली आहे आणि त्यांतल्या अनेक गोळ्यांत मिऱ्याचा अर्क होता. कोरोनाच्या काळात काढे पिणाऱ्यांपैकी काहींच्या यकृताला गुळवेलीमुळे सूज आल्याचे मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये मांडले. त्यावर वाद झाला, पण तेव्हापासून मी गुळवेलीचे चूर्ण कर्करोगाच्या रुग्णाला माझ्या हाताने देत नाही. भाजीतली हळद आणि वरणातले मिरे यांना कोणीही घाबरू नये. प्रश्न अर्काचा आहे, कारण अर्क काढला की तो पदार्थ स्वयंपाकघरातून निघून औषधाच्या कपाटात जातो आणि तिथले सगळे नियम त्याला लागू होतात.

दुसरी गोष्ट माझ्या मामींची. छातीत गाठ लागली तेव्हा त्यांनी कोणाला सांगितले नाही. सांगितले तेव्हा मामाजी त्यांना तीन तासांच्या अंतरावरच्या एका जडीबुटीवाल्याकडे घेऊन गेले. काळपट लेप, पुड्या, पथ्य आणि दर पंधरवड्याला दीड हजार रुपये, असे आठ महिने चालले. गाठ बोराएवढी होती ती लिंबाएवढी झाली आणि काखेत दुसरी लागली. मला कळले तोवर हे सगळे घडून गेले होते. मामाजी मला म्हणाले, "तूच तं म्हणते का सदाफुलीतून औषध निघते म्हणून. मंग याच्या मुळीतून काऊन निघणार नाही?" मला उत्तर देता आले नाही. तेच उत्तर मी आता लिहितो आहे: निघू शकेल, मामाजी. पण सदाफुलीत जे सापडले ते मुलांच्या शिरेत जाईपर्यंत काही वर्षे लागली. त्यात द्रव्य वेगळे काढणे, त्याची मात्रा ठरवणे, किती दिले की माणूस मरतो ते आधी प्राण्यांवर पाहणे, आणि कोणाला उपयोग झाला व कोणाला नाही याची वही ठेवणे हे सगळे आले. त्या पुडीच्या मागे असे काहीच नव्हते, आणि बऱ्या न झालेल्या माणसांची वही तर मुळीच नव्हती.

मामींच्या गाठीचा तुकडा तपासला तेव्हा हर-2 हे प्रथिन वाढलेले निघाले. स्तनाच्या कर्करोगाच्या साधारण पाचातल्या एका स्त्रीत असे आढळते. या प्रथिनाला धरणारे ट्रास्टुझुमॅब 1998 मध्ये आले आणि 2014 पासून त्याचे भारतीय बनावटीचे रूप मिळू लागले, म्हणून ते आमच्यासारख्यांच्या कल्पनेत तरी आले. मामींना त्याच्या जोडीला टॅक्सॉलच दिले गेले. सलाइनच्या बाटलीकडे पाहत मी त्यांना नंदुरबारच्या मनसुख वाणींची हकिगत सांगितली. झाडाच्या सालीचे औषध आहे म्हटल्यावर त्यांनी मला विचारले, "मंग हे पहिलेच काऊन नाही सांगितलं कोणी?"

हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही, कारण झाडपाला एकीकडे आणि दवाखाना दुसरीकडे, अशी जी विभागणी आम्ही लोकांच्या मनात होऊ दिली, तिच्यामुळे त्यांचे आठ महिने गेले. प्रत्यक्षात नवी औषधे या दोन्ही गोष्टी एकाच रेणूत बांधू लागली आहेत. सह्याद्रीत नरक्या नावाचे झाड आहे. त्यात कॅम्पटोथेसिन हे विष भरपूर असते आणि त्यासाठी त्याची इतकी तोड व तस्करी झाली की वनखात्याला त्यावर पहारा ठेवावा लागतो. हे विषही पहिल्यांदा, 1966 मध्ये, वॉल आणि वाणी यांनीच एका चिनी झाडातून वेगळे केले होते. जसेच्या तसे दिले तेव्हा रुग्णांच्या मूत्राशयातून रक्त जाऊ लागले आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. रचना थोडी बदलून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे झाली. आणि 2019 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकानमध्ये याच कुळातला, पण आणखी जहाल रेणू ट्रास्टुझुमॅबच्या पाठीवर बांधलेला आहे. एका वाहकावर असे सुमारे 8 रेणू असतात. वाहक हर-2 असलेली पेशी शोधतो, तिच्या आत जातो आणि तिथे गाठोडे सोडतो. रक्तात मोकळे फिरले असते तर सगळ्या शरीराला भाजून काढणारे झाडाचे विष, अशा रीतीने बहुतांशी पत्त्यावर पोहोचते. बहुतांशी म्हणतो, कारण फुप्फुसाला सूज येण्याचा धोका याही औषधात आहे आणि डॉक्टर त्यावर लक्ष ठेवून असतात.

लक्ष्यवेधी औषधेही कायमची जिंकत नाहीत, हे लपवून मी कोणाला आशा लावू इच्छित नाही. कर्करोगाची पेशी बदलते. इमॅटिनिब ज्या खाचेत बसते तिथली एक कडी बदलली की गोळी बसेनाशी होते आणि दुसरी शोधावी लागते. ज्या गाठीत ते लक्ष्यच नाही, तिच्यावर लाखाचे औषधही पाण्यासारखे जाते, म्हणून तुकड्याची तपासणी आधी आणि औषध नंतर. आणि आमच्या भागात सर्वांत जास्त दिसणारा तोंडाचा कर्करोग अशा लक्ष्यवेधी औषधांना अजून फारसा दबत नाही. पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुना, सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या गालात असतो. सुपारी एकटीसुद्धा कर्करोगकारक आहे हे सिद्ध झाले आहे, आणि तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही असे सांगणारी पोरे माझ्याकडे मलम मागायला येतात. त्यांना मी मलम न देता दवाखान्यात पाठवतो.

दुकानात मी आता एक रीत ठेवली आहे. कर्करोगाची औषधे घ्यायला आलेल्या माणसाला मी घरातल्या सगळ्या पुड्या, चूर्णे, काढे आणि कॅप्सूल एका पिशवीत घालून आणायला सांगतो, आणि कोणी काही आणले म्हणून त्याला बोल लावत नाही. मागच्या आठवड्यात गिरडकडून एक मुलगा वडिलांसाठी आला. त्यांना फुप्फुसाच्या कर्करोगावर रोजची एक गोळी सुरू झाली होती. पिशवीतून लक्ष्मणफळाच्या पानांचे चूर्ण, मिऱ्याचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल, गुळवेल सत्त्व, नाव नसलेली एक काळी वडी आणि बिब्याच्या तेलाची बारीक बाटली निघाली. बिबा अंगावर उतला तर काय होते हे त्याला ठाऊक होते. तरी वडील तो दुधातून घेत होते. मी एकेक वस्तूचे नाव कागदावर लिहिले, त्याच्यासमोरच त्याच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला आणि यादी वाचून दाखवली. पलीकडून पाचही बंद करायला सांगितले गेले आणि दहा दिवसांनी रक्त तपासायला बोलावले. मुलाने विचारले, "घरच्या भाजीतली हळद?" मी फोन त्याच्याच हातात दिला. "ती चालू द्या," असे पलीकडून डॉक्टरांनी त्याला सांगितले, आणि त्याने ते वाक्य यादीच्या खाली स्वतःच्या अक्षरात लिहून घेतले.